स्कूबाचं सामान: डाइव्हनंतरची धुलाई, वाळवण आणि चार महिन्यांचा पावसाळा

प्रश्न पुण्याच्या एका वाचकाचा आहे. ओपन वॉटर कोर्स (स्कूबाचा पहिला कोर्स) झाल्यावर त्यांनी हळूहळू स्वतःचं सामान जमवलं: मास्क, फिन्स (पायात घालायची पाती), तीन मिलिमीटरचा वेटसूट, डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्याखाली खोली आणि वेळ दाखवणारं यंत्र) आणि शेवटी रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र) व बीसीडी (हवा भरून तरंगणं कमी-जास्त करायचं जॅकेट). हिवाळ्यात तारकर्लीला आणि कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळ डाइव्ह झाले. आता मे संपत आलाय, पुढचा डाइव्ह दिवाळीच्या आसपास. प्रत्येक डाइव्हनंतर नक्की काय करायचं, फ्लॅटमध्ये हे सगळं पावसाळाभर कसं ठेवायचं आणि बाजारातले महागडे शाम्पू, स्प्रे घ्यायचे का, असं त्यांनी विचारलंय.

मी मालवणात डायव्हिंग शिकवतो आणि हंगाम नसताना रेग्युलेटर, बीसीडी उघडून दुरुस्त करतो. माझ्या टेबलावर येणारं सामान बहुतेक वेळा समुद्रात बिघडलेलं नसतं. ते घरी, कपाटात, बॅगेत बिघडलेलं असतं. म्हणून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो: सामान ओलं आहे तोवरच ते गोड्या पाण्यात गेलं पाहिजे. कशाने धुतलं यापेक्षा कधी धुतलं याने जास्त फरक पडतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते विरघळलेले असेपर्यंत गोड्या पाण्याने सहज निघून जातात. पाणी सुकलं की तेच क्षार बटणाच्या दांड्याभोवती, ओ-रिंगच्या (पाणी-हवा अडवणाऱ्या रबरी कडीच्या) खोबणीत, शिलाईत स्फटिक होऊन बसतात. स्फटिकांना धार असते. बीसीडीच्या आतल्या पिशवीला आणि ओ-रिंगला ते घासून घासून बारीक चिरा पाडतात. यातलं मीठ पुन्हा भिजवलं तर सुटतं, पण वेळ घेतं. कॅल्शियमचे थर आणि पितळेवर चढलेला हिरवा थर मात्र गोड्या पाण्याला दाद देत नाहीत. ते काढायला सौम्य आम्लाचं द्रावण आणि अल्ट्रासॉनिक यंत्र लागतं, आणि त्यासाठी सुटे भाग उघडावे लागतात. ते काम घरचं नाही.

आता पावसाळा. पावसात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, ते उगाच नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांनाच पाणी ओढतं. म्हणजे मेमध्ये वरवर धुऊन 'सुकलंय' म्हणून आत टाकलेला रेग्युलेटर जून ते सप्टेंबर आतून खाऱ्या पाण्यातच बसलेला असतो. कोरड्या प्रदेशातल्या डायव्हरला जी हयगय खपून जाते ती आपल्याकडे खपत नाही, त्याचं कारण हे.

धुण्याच्या पाण्यापासूनच सुरुवात करू. डाइव्ह सेंटरवर पाण्याचं पिंप असतं, सगळे त्यात सामान बुचकळतात आणि 'धुतलं' म्हणतात. जरा हिशोब करा. समजा एका माणसाचा सूट, बीसीडी वगैरे मिळून दोन लिटर समुद्राचं पाणी पिंपात आलं. दहा माणसांचं झालं वीस लिटर, म्हणजे ७०० ग्रॅम मीठ. पिंप २०० लिटरचं असेल तर अकराव्या माणसाच्या वाट्याला समुद्राच्या दहाव्या हिश्श्याइतकं खारट पाणी येतं, वर तळाला वाळू. पहिला खार उतरवायला ते चालतं, पण ती धुलाई नव्हे. त्यातही सगळ्यांचे माउथपीस आणि सगळ्यांचे वेटसूट एकाच पिंपात पडत असतील तर मी माझं रेग्युलेटर त्यात घालणार नाही. वाहत्या नळाखाली धरेन. कारण सांगायला नको.

किनाऱ्यावरच्या विहिरींचाही विचार करा. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी यांच्यामधली चिंचोळी पट्टी. अशा ठिकाणी उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ लागतं. जिभेला मचूळ लागलं तर ते शेवटच्या धुण्याचं पाणी नाही. पुण्यात खारेपणा नाही, पण बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी जड असतं आणि सुकल्यावर पांढरे डाग सोडतं. महापालिकेच्या नळाचं पाणी उत्तम. तेही मिळत नसेल तर निदान रेग्युलेटर आणि कॉम्प्युटर शेवटी प्यायच्या पाण्यातून काढा. त्याला बादलीभरही लागत नाही.

नेत्राणीसारख्या ठिकाणी अजून एक अडचण असते. मुरुडेश्वरहून बेटापर्यंत बोटीने तास-दीड तास, परतताना तेवढाच. त्या वेळात डेकवर उन्हात पडलेलं सामान सुकून जातं. धुवायला गोडं पाणी नसलं तरी सुकू न देणं आपल्या हातात असतं. रेग्युलेटर आणि कॉम्प्युटर बीसीडीच्या खाली सावलीत ठेवा किंवा ओल्या टॉवेलात गुंडाळा. समुद्राच्या पाण्याने ओलं राहिलेलं सामान किनाऱ्यावर पाच मिनिटांत धुऊन होतं.

रेग्युलेटरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण जीव त्याच्यावर आहे आणि चुकाही त्याच्याबाबतीतच जास्त होतात.

सिलिंडरपासून फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा सिलिंडरला बसणारा भाग) सोडवली की पहिलं काम डस्ट कॅपचं, म्हणजे तिच्या तोंडावरच्या टोपीचं. कॅपच्या आत थेंबभर पाणी असतं. ते फडक्याने टिपा, फर्स्ट स्टेजचं तोंड टिपा आणि मगच कॅप घट्ट बसवा. बरेच जण सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडून हवेच्या झोताने कॅप सुकवतात. त्यात शेजारच्याचे कान बधिर होतातच, शिवाय झोत तिरका गेला तर तोच थेंब फर्स्ट स्टेजच्या तोंडात ढकलला जातो. तोंडाशी धातूची बारीक छिद्रांची जाळी असते, फिल्टर म्हणतात तिला. रेग्युलेटर हातात आला की मी आधी ती बघतो. ती राखाडी आणि स्वच्छ असायला हवी. हिरवी दिसली तर पाणी आत गेलेलं आहे, तांबूस दिसली तर सिलिंडरमधला गंज. दोन्हींत वापर थांबवायचा आणि सर्व्हिसला द्यायचं.

दुसरा नियम पर्ज बटणाचा, म्हणजे सेकंड स्टेजवरच्या (तोंडात धरायच्या भागावरच्या) हवा सोडायच्या बटणाचा. रेग्युलेटर सिलिंडरला जोडलेलं नसताना, आत दाब नसताना, पाण्यात बुडवून पर्ज दाबायचं नाही. दाबलं की सेकंड स्टेजचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी नळीतून थेट फर्स्ट स्टेजपर्यंत चढतं. बाहेरून काही कळत नाही. चार महिन्यांनी कळतं. काही मॉडेलांमध्ये दाब गेला की सीट (व्हॉल्व्ह बंद करणारी मऊ चकती) आपोआप थोडी मोकळी होते, म्हणजे पर्ज न दाबताही पाणी शिरू शकतं. तुमच्या मॉडेलची पुस्तिका एकदा वाचाच.

या दोन्ही कटकटींवरचा चांगला उपाय म्हणजे रेग्युलेटर सिलिंडरला जोडून, व्हॉल्व्ह उघडून, दाबाखाली धुणं. मग पर्ज दाबा, बटणं फिरवा, पाणी आत जाणार नाही. सेंटरवर शेवटचा डाइव्ह झाला की सिलिंडर परत करण्याआधी हे करून घ्या. तळाला राहिलेली हवा त्याला पुरते. घरी सिलिंडर नसतो, तिथे डस्ट कॅप घट्ट लावून कोमट पाण्यात सेकंड स्टेज अर्धा तास भिजवा आणि फर्स्ट स्टेज वाहत्या पाण्याखाली धरा. काही डस्ट कॅप नुसत्या रबरी टोपीसारख्या असतात, त्या पाणी अडवतीलच असं नाही. अशी कॅप असेल तर फर्स्ट स्टेज बुडवूच नका. सेकंड स्टेजच्या माउथपीसमधून पाणी आत सोडा म्हणजे ते खालच्या एग्झॉस्टमधून (उच्छ्वास बाहेर जायच्या वाटेतून) वाळू घेऊन बाहेर पडेल. श्वासाचा ताण कमी-जास्त करायचं बटण असेल तर ते दोन्ही टोकांपर्यंत फिरवा आणि ठेवताना पूर्ण सैल करून ठेवा. स्प्रिंगचा दाब महिनोन्महिने सीटवर राहिला तर सीटला वण पडतो आणि मग रेग्युलेटर गळायला लागतं.

नळ्यांच्या टोकांना रबरी संरक्षक बाही असते. ती मागे सरकवा. खाली साठलेला पांढरा-हिरवा चुरा बघून पुष्कळांना धक्का बसतो. बाही असणं वाईट नाही, तिच्याखाली न बघणं वाईट. वेणीसारख्या विणलेल्या, हलक्या नळ्यांबद्दल वेगळी सूचना: त्यांच्या आतला पॉलियुरेथेनचा थर उष्ण आणि दमट हवेत विघटित होऊन आत स्फटिक तयार झाल्याची, त्यामुळे हवेचा मार्ग अडल्याची उदाहरणं जगभर नोंदली गेली आहेत. बाहेरून नळी नवी दिसते. आपल्या हवामानात अशी नळी जुनी होईपर्यंत वापरू नये आणि श्वास घेताना थोडा जरी जड वाटला तरी ती बदलावी. साधी काळी रबरी नळी जड असते, पण तिच्यावर माझा विश्वास जास्त आहे.

बीसीडी बाहेरून सगळेच धुतात. प्रश्न आतला आहे. प्रत्येक डाइव्हमध्ये इन्फ्लेटर (हवा भरायची-सोडायची बटणं असलेली नळी) आणि डंप व्हॉल्व्हमधून (हवा झटकन सोडायच्या झडपेतून) थोडं पाणी पिशवीत जातंच. इन्फ्लेटरच्या तोंडातून, हवा सोडायचं बटण दाबून ठेवून, दोन-तीन लिटर गोडं पाणी आत घाला. मग फुंकून फुगवा आणि डावं-उजवं, वर-खाली चांगलं घुसळा. उलटा धरून पाणी कोपऱ्यात आणा आणि नळीतून, डंप व्हॉल्व्हमधून बाहेर काढा. दोनदा करा. चाखून बघायला काही हरकत नाही. दुसऱ्यांदाही खारट लागलं तर तिसऱ्यांदा करा. क्लोरीनच्या तलावात सराव केला असला तरी हीच पद्धत, क्लोरीनही कापडाला आणि शिलाईला सोडत नाही.

इन्फ्लेटरच्या बटणाला मी इतकं का जपतो? वाळू किंवा क्षार अडकून ते दाबलेल्या स्थितीत राहिलं तर बीसीडी पाण्याखाली स्वतःहून फुगत जातं आणि डायव्हर बुचासारखा वर फेकला जातो. फुप्फुसाला इजा होण्याचा धोका तिथे असतो. मालवण-तारकर्लीला वाळू बारीक आहे, नदीचा गाळही येतो, त्यामुळे हे बटण कोमट पाण्यात धरून वीस-पंचवीस वेळा दाबा. दाबल्यावर ते टपकन वर यायला हवं. आळसावल्यासारखं वर येत असेल तर धुण्यावर भागत नाही, ते उघडून साफ करून घ्या.

सुकवताना बीसीडी अर्धा फुगवून रुंद हँगरला टांगा. ठेवतानाही थोडी हवा आत राहू द्या, नाहीतर पिशवीच्या दोन्ही भिंती एकमेकींना चिकटतात. वजनाचे कप्पे रिकामे करा. शिसं आत राहिलं तर शिलाई ओढली जाते आणि कप्पा ओलाच राहतो.

वेटसूटकडे येऊ. पाण्यात बुडालं की हातापायांतलं रक्त छातीकडे येतं, शरीराला पाणी जास्त झाल्यासारखं वाटतं आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. त्यामुळे सूटमध्ये कोण लघवी करतं यावर चर्चा करण्यात अर्थ नाही. युरियाचं जिवाणूंनी अमोनियात रूपांतर केलं की तो ओळखीचा वास येतो. सूट आधी आतून-बाहेर उलटा करा, गोड्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, हाताने दाबून पाणी काढा; पिळू नका. ट्रिपच्या शेवटी एकदा सौम्य, लहान मुलांच्या शाम्पूने धुवा. वास मुरलाच असेल तर एन्झाइमचा वेटसूट शाम्पू खरोखर काम करतो. विकत घ्यायच्या सगळ्या बाटल्यांपैकी एवढी एक मला पैसे वसूल वाटते. कपड्यांची पावडर, ब्लीच, गरम पाणी, वॉशिंग मशीन यातलं काहीही नको. निओप्रिन म्हणजे रबरात कोंडलेले वायूचे बुडबुडे. ते चिरडले किंवा फुटले की सूट पातळ होतो आणि ऊब जाते.

टांगायचा रुंद खांद्यांच्या हँगरवर. साधा तारेचा हँगर असेल तर सूट कमरेतून दुमडून आडवा टाका. आधी आतली बाजू बाहेर ठेवून सुकवा, मग सुलटा करा, म्हणजे घालताना अंगाला लागणारी बाजू कोरडी राहते. सावलीत. ऊन रबराचा शत्रू आहे आणि मार्च ते मेमधलं कोकणातलं ऊन तर एका दुपारीत रंग उडवतं. लोक घाईत सूट बोटीच्या टपावर वाळत घालतात, तो हंगाम संपायच्या आत टणक झालेला मी बघतो.

मास्क आणि फिन्सबद्दल थोडंच सांगण्यासारखं आहे. मास्कची काच आणि सिलिकॉनची झालर बोटांनी सौम्य साबणाने चोळून धुवा, नाहीतर कातडीचं तेल आणि सनस्क्रीन साठून त्यावर काळ्या ठिपक्यांची बुरशी येते. पारदर्शक सिलिकॉन काळ्या रबराला टेकवून ठेवू नका, ते पिवळं-करडं पडतं आणि परत उजळत नाही. फिन्स पात्याच्या टोकावर उभे करून ठेवले तर पातं कायमचं वाकतं. आडवे ठेवा किंवा पट्ट्याने टांगा. पूर्ण पाय जाणारे फिन्स असतील तर त्यात आलेले प्लॅस्टिकचे साचे फेकू नका, ठेवताना आत घाला.

डाइव्ह कॉम्प्युटर कोमट पाण्यात भिजवून ठेवा आणि पाण्यातच बटणं दाबा. खोली मोजणारा सेन्सर छोट्या छिद्रांमागे असतो. त्यात सुई, टाचणी, दातकोरणी किंवा हवेचा झोत अजिबात नाही. सेन्सर फुटला तर कॉम्प्युटर चुकीची खोली दाखवेल आणि ते तुम्हाला कळणारही नाही. बऱ्याच मॉडेलांना पाणी लागलं की ती आपोआप चालू होतात, त्यामुळे भिजवून झाल्यावर पुसून कोरडं केलं नाही तर बॅटरी नाहक जळत राहते. चार्जिंगचं मॉडेल असेल तर पावसाळ्यासाठी निम्मं चार्ज करून बंद करा आणि मधे एकदा बघा. पूर्ण रिकामी ठेवलेली लिथियम बॅटरी पुन्हा उठेल याची खात्री नाही. टॉर्चमधून बॅटऱ्या काढून ठेवायच्या, हा नियम विसरला तर टॉर्चच फेकावा लागतो.

सिलिंडर तुमच्याकडे नसेल, बहुतेकांकडे नसतो. असेलच तर खालची प्लॅस्टिकची टोपी काढून तळ धुवा, कारण खारं पाणी तिथे अडकून धातू खातं. सिलिंडर पूर्ण रिकामा कधी करू नका. थोडा दाब राहिला की बाहेरची दमट हवा आणि पाणी आत शिरत नाही. लोखंडी सिलिंडर भरून वर्षभर ठेवणंही बरोबर नाही: आत ओल असेल तर गंजताना तो आतला ऑक्सिजन वापरतो आणि उरलेली हवा श्वास घेण्यालायक राहत नाही.

आता तुमच्या परतीच्या प्रवासाबद्दल, कारण पुणेकरांचं सामान बहुधा इथेच मार खातं. रविवारी दुपारी शेवटचा डाइव्ह, घाईत आंघोळ, ओलं सामान प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी गाडीच्या डिकीत, घाट चढून रात्री उशिरा घर. मग 'उद्या बघू'. बंद डिकीतली उष्णता, ओल आणि मीठ एकत्र आले की एका रात्रीत वास बसतो. मालवण सोडण्याआधी नळाखाली वीस मिनिटं काढा आणि सामान जाळीच्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवून न्या. घरी पोचल्यावर तेवढी एक क्रेट बाथरूममध्ये रिकामी करा, रेग्युलेटर बाजूला ठेवून बाकीचं मोठ्या टबमध्ये भिजत घाला आणि झोपा. सकाळी पाणी बदलून खळबळून काढा. जंतुनाशकाची वेगळी गरज सहसा पडत नाही. माउथपीस साबणाच्या कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने घासलं तरी पुरे. वासाचं द्रव जंतुनाशक त्यात घालू नका. त्याचा वास नळीत राहतो आणि पुढच्या खेपेस तुम्हाला तोच श्वासातून घ्यावा लागतो.

वाळवण्याला मी धुण्याइतकाच मान देतो. बाल्कनीत, सावलीत, वारा लागेल असं. मेमध्ये पुण्यात एका दिवसात वरून सुकतं, पण बीसीडीची आतली बाजू, वेटसूटची काख-गुडघे आणि शिलाईच्या जाड पट्ट्या दुसऱ्या दिवसापर्यंत ओल्या असतात. हात लावून ठरवू नका. रात्री सामान बंद खोलीत ठेवून सकाळी नाक लावा. ओलीचा वास आला तर अजून एक दिवस पंख्याखाली. बीसीडी दर काही तासांनी उलटासुलटा करून नळीतून थेंब काढत राहा. शेवटच्या ट्रिपनंतर हे दोन-तीन दिवस चालू द्या, मगच आत ठेवायचं. पावसाला सुरुवात झालेली असेल तर बाल्कनीचा नाद सोडा आणि दारं-खिडक्या बंद करून खोलीत पंखा लावा, एसी असेल तर तो ड्राय मोडवर.

ठेवायची जागा कुठली? माळा नको, पत्र्याखालची किंवा गच्चीला लागून असलेली खोली नको, बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाटही नको, कारण पावसाळ्यात तीच भिंत पहिली ओलावते. आतल्या खोलीतलं, माणसांचा वावर असलेलं कपाट सगळ्यात चांगलं. रेग्युलेटर, मास्क आणि कॉम्प्युटरसाठी झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा घ्या आणि त्यात सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या टाका. रंग बदलणारे मणी असतील तर बरं, म्हणजे ओल धरली की दिसतं. मग ते पुन्हा तापवून कोरडे करायचे. पण ओलसर सामान असल्या डब्यात घालून झाकण लावणं म्हणजे बुरशीची शेती. आधी कोरडं, मग बंद. फोटोग्राफर लोक कॅमेरे ठेवायला जे विजेवरचं ड्राय कॅबिनेट वापरतात, ते घरात असेल तर एक कप्पा मागून घ्या. वेटसूट आणि बीसीडी मात्र हवेशीर जागी टांगलेले बरे. त्यांना डबा नको.

रेग्युलेटर फर्स्ट स्टेजच्या बळावर खुंटीला लटकवू नका, नळ्यांच्या मानेशी ताण येतो. मोठ्या सैल वर्तुळात गुंडाळून सपाट ठेवा. रबराचं सामान वीजमोटार, पंप किंवा जनरेटरजवळ नको. मोटारीतल्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि ताणलेल्या रबराला तो बारीक भेगा पाडतो. डांबरगोळ्याही नकोत. किड्यांपासून बचाव होतो खरा, पण तो वास माउथपीसमध्ये बसतो. किड्यांचा बंदोबस्त वेगळा करा: सेकंड स्टेजचं तोंड झुरळाला घर करायला अगदी सोयीचं असतं आणि उघड्या नळीत कुंभारमाशी माती भरून ठेवते, म्हणून बारीक जाळीची पिशवी किंवा तो बंद डबा. मुंगी-झुरळ माउथपीसमधून तोंडात आल्याच्या गोष्टी डायव्हर हसत सांगतात, पण पंधरा मीटरवर ठसका लागणं हसण्यासारखं नसतं.

आता तेल आणि स्प्रे. सूटची चेन अडकली की आपल्या घरात हात आपोआप खोबरेल तेलाकडे जातो. तिथेच थांबा. खोबरेल खवट होतं, मुंग्या येतात, थंडीत गोठतं आणि वाळू धरून ठेवतं. पेट्रोलियम जेलीने काही रबरं फुगतात. गंज सोडवायचे स्प्रे रबराला आणि तुमच्या फुप्फुसांना, दोघांनाही नकोत. रेग्युलेटरच्या बाबतीत तर कुठलंच तेल नको: ऑक्सिजन जास्त असलेला वायू उच्च दाबाने तेलावर आला तर आग लागू शकते, म्हणून तंत्रज्ञ आत वेगळंच ग्रीस वापरतात. धातूच्या चेनला मेण चोळा. टॉर्चच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा इतका पातळ हात की नुसती चकाकी दिसावी. जाड थर लावला तर तो केस आणि वाळू पकडतो आणि मग पाणी आत येतं. 'रबर नवं करणारे' चकाकीचे स्प्रे मी माझ्या सामानाला लावत नाही.

सर्व्हिस कधी द्यायची हेही विचारलंत. वर्षातून एकदा किंवा शंभर डाइव्हनंतर, ही जुनी पद्धत. काही कंपन्या आता दोन वर्षांचं अंतर देतात, पण मधल्या वर्षी तपासणी मागतात. खाऱ्या, दमट हवेत मी लांबचं अंतर धरत नाही. रेग्युलेटरमध्ये पाणी गेल्याची शंका असेल तर जूनमध्येच द्या, खारं पाणी आत ठेवून चार महिने थांबू नका. शंका नसेल तर ऑगस्टमध्ये द्या. पावसाळ्याआधी सर्व्हिस करून मग कपाटात ठेवण्यापेक्षा हे बरं, आणि नारळी पौर्णिमा झाली की सगळ्यांनाच घाई सुटते, त्या रांगेत तुम्ही नसाल.

हंगाम सुरू होण्याआधी घरीच दोन गोष्टी करून बघा. डस्ट कॅप लावून सेकंड स्टेजमधून श्वास ओढा. हवा येता कामा नये, ओढ लागून अडली पाहिजे. सहज हवा आली तर डायफ्रॅम (सेकंड स्टेजमधला रबरी पडदा) किंवा एग्झॉस्टची रबरी पाकळी फाटली आहे, चिकटून वळली आहे किंवा तिच्यात वाळू आहे. पाण्याखाली तिथूनच पाणी तोंडात येईल. माउथपीसला बांधलेला प्लॅस्टिकचा पट्टा ओढून बघा आणि रबर दातांच्या जागी चिरलंय का ते तपासा. मग बीसीडी तोंडाने टणक फुगवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडला असेल तर बाथरूममध्ये साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठून येतात ते शोधा. डंप व्हॉल्व्हमधून येत असतील तर बहुतेक वेळा वाळूचा कणच असतो: झाकण फिरवून काढा, धुवा, परत बसवा. शिलाईतून किंवा पिशवीच्या कापडातून येत असतील तर दुरुस्तीच्या नादाला लागण्याआधी एखाद्या जाणकाराला दाखवा.